टोकन कशापुरतं, किती दिवसांचं?

जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतल्या तयार कोडची जगातली सर्वांत मोठी रजिस्ट्री म्हणजे एनपीएम. १२ जुलै २०१८ रोजी दुपारी साडेबारापूर्वी, जागतिक प्रमाणवेळेनुसार, आपण दिलेलं प्रत्येक टोकन या रजिस्ट्रीने रद्द करून टाकलं. त्या दिवशी ‘ईएसलिंट’ प्रकल्पातल्या एका प्रोग्रॅमरचं खातं चोरांच्या हाती गेलं होतं. त्याचा पासवर्ड दुसऱ्या ठिकाणीही वापरलेला होता आणि पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीची सोय खात्याला लावलेली नव्हती. चोरांनी त्या खात्यातून ‘ईएसलिंट-स्कोप’ या पॅकेजची ३.७.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. ती कुणी आपल्या संगणकावर उतरवली, की त्यात दडवलेला कोड त्या संगणकावरची एक लहानशी फाइल वाचून बाहेर पाठवत असे. याच फाइलीत संगणकाच्या मालकाचं एनपीएमचं टोकन ठेवलेलं असतं. सुमारे ४,५०० खात्यांची टोकनं अशी चोरांपर्यंत पोचली असू शकतात, असा अंदाज एनपीएमने नंतर जाहीर केला. संशय साडेचार हजार खात्यांपुरता होता आणि टोकनं मात्र सगळ्यांची रद्द करावी लागली. ज्या टोकनाला मर्यादा नसते, त्याच्यावर संशय आला तर त्याने काय केलं असेल, कुठवर पोचलं असेल, हे ठरवायला काही आधारच उरत नाही. मग सरसकट रद्द करणं एवढाच उपाय शिल्लक राहतो. एनपीएमचा निर्णय बरोबर होता. प्रश्न आहे तो अशी वेळ येऊ देणाऱ्या टोकनांचा.

हे टोकन लागतं कशाला, ते आधी पाहू. आजचं कुठलंही सॉफ्टवेअर पहिल्या ओळीपासून कुणी लिहीत नाही. तारखांची वजाबाकी, फोटो लहान करणं, फॉर्ममधला ईमेल पत्ता तपासणं, अशी शेकडो कामं आधी कुणीतरी करून ठेवलेली असतात. त्या कोडचं पॅकेज रजिस्ट्रीतून उतरवून घ्यायचं आणि आपल्या कामाला लागायचं, अशी या व्यवसायाची रीत आहे. यातली बहुतेक पॅकेजं सर्वांना खुली असतात. पण प्रत्येक मोठ्या कंपनीकडे असाही कोड असतो, जो तिच्या दहा-वीस टीमना रोज लागतो आणि बाहेरच्या कुणाला दाखवायचा नसतो. बँकेची व्याज आकारणी, विमा कंपनीची दावे तपासण्याची पद्धत, पेमेंट अॅपमधला फसवणूक ओळखणारा भाग, ही त्याची उदाहरणं. हा कोडही पॅकेजच्याच रूपात ठेवतात, फक्त बंद दाराआड. एनपीएमने खासगी पॅकेजांची सोय २०१५ मध्ये सुरू केली. आज गिटहब, गिटलॅब, अॅमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट या सगळ्यांकडे ती आहे. अडचण अशी, की ही पॅकेजं मागायला येणारा बहुतेक वेळा माणूस नसतोच. प्रोग्रॅमरने कोडमध्ये बदल केला की कुठल्यातरी डेटा सेंटरमधला सर्व्हर आपोआप कामाला लागतो. तो पॅकेजं उतरवतो, सगळं जुळवतो, चाचण्या घेतो. हे काम, म्हणजे ‘बिल्ड’, दिवसातून पन्नास वेळा होतं आणि पहाटे तीन वाजताही होतं. तिथे पासवर्ड टाकायला किंवा मोबाइलवरचा ओटीपी बघायला कुणी बसलेलं नसतं. म्हणून त्या सर्व्हरला अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ आधीच देऊन ठेवतात. ती ओळ दाखवली की दार उघडतं.

बँकेच्या खिडकीवर बेअरर चेक जो आणून देईल त्याला पैसे मिळतात. टोकनाचंही तसंच आहे. ते आणणारा कोण, हे रजिस्ट्री विचारत नाही. ते खरं आहे की नाही, एवढंच बघते. मात्र चेकवर रक्कम असते, तारीख असते आणि आपल्याकडे तीन महिने उलटले की तो आपसूक निकामी होतो. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात कित्येक वर्षं सही केलेला कोरा चेक देऊन ठेवण्याची चाल होती. त्यावर रक्कम नाही, तारीख नाही, आणि तो परत मागण्याची आठवण ठेवणारंही कुणी नाही.

टोकनांविषयी नव्या प्रोग्रॅमरला पहिल्याच आठवड्यात एक सल्ला मिळतो: टोकन कुणाला दाखवू नकोस, कोडमध्ये लिहू नकोस, नीट लपवून ठेव. सल्ला चुकीचा नाही. पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवणं मला धोक्याचं वाटतं, कारण लपवणं फसतं याचे पुरावे आता ढिगाने आहेत. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबवरचा सार्वजनिक कोड तपासला, तेव्हा एक लाखाहून अधिक रिपॉझिटरींमध्ये, म्हणजे कोडच्या भांडारांमध्ये, टोकनं आणि किल्ल्या उघड्यावर पडलेल्या आढळल्या, आणि रोज त्यात हजारोंची भर पडत होती. गिटहबच्याच सांगण्याप्रमाणे २०२४ या एका वर्षात तिथे ३ कोटी ९० लाखांहून अधिक गुपितं फुटली. गिटगार्डियन या कंपनीने याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवून दिली. २०२२ मध्ये सार्वजनिक रिपॉझिटरींमध्ये फुटलेल्या गुपितांपैकी सुमारे ७० टक्के गुपितं २०२५ उजाडलं तरी चालू होती. टोयोटाच्या एका सेवेची किल्ली डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे पावणेपाच वर्षं, गिटहबवर कुणालाही दिसेल अशी पडून होती. तिच्यामुळे २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते बाहेर जाण्याचा धोका निर्माण झाला. फुटणं ही एका क्षणाची चूक असते. पाच वर्षं चालू राहणं हा त्या किल्लीचा गुणधर्म असतो, आणि तो गुणधर्म तिला देणाऱ्याने दिलेला असतो.

यावर कुणी म्हणेल, की ही सगळी निष्काळजी माणसांची उदाहरणं झाली, काळजी घेणाऱ्याचं असं होत नाही. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेलं एक प्रकरण याला चोख उत्तर देतं. पायथन भाषेच्या पॅकेजांची रजिस्ट्री म्हणजे पायपीआय. तिच्या प्रशासकांपैकी एकाचं गिटहबचं टोकन जेफ्रॉग कंपनीच्या संशोधकांना डॉकर हबवरच्या एका सार्वजनिक इमेजमध्ये, म्हणजे चालवायला तयार अशा सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यात, सापडलं. हा प्रशासक अननुभवी नव्हता. सुरक्षितता हाच त्याच्या रोजच्या कामाचा भाग होता. स्वतःच्या संगणकावर काम करताना गिटहबकडून माहिती वारंवार मागवावी लागत होती, ओळख न देता मागितली की ठरावीक संख्येनंतर नकार यायचा, म्हणून त्याने आपलं टोकन तात्पुरतं एका फाइलीत लिहिलं. नंतर आठवणीने पुसलंही. पण पायथन प्रत्येक फाइलीची संगणकाला चटकन वाचता येईल अशी एक दुसरी प्रत बनवून ठेवते. त्या प्रतीत टोकन राहिलं आणि ती प्रत इमेजबरोबर बाहेर गेली. कळवल्यावर १७ मिनिटांत ते रद्द झालं आणि गैरवापराची खूण सापडली नाही, ही सुदैवाची गोष्ट. मला यातली खरी महत्त्वाची बाब वेगळी वाटते. ज्या कामासाठी ते टोकन वापरलं गेलं, ते काम खुली माहिती थोडी जास्त वेळा वाचण्याचं होतं. आणि त्या टोकनाच्या अंगी अधिकार होते पायथन भाषेच्या, पायपीआयच्या आणि पायथन फाउंडेशनच्या रिपॉझिटरींमध्ये प्रशासक म्हणून हवं ते करण्याचे. काम चिमूटभर आणि अधिकार पोतंभर. फक्त खुली माहिती वाचू शकणारं टोकन तिथे असतं, तर त्याच चुकीची बातमीसुद्धा झाली नसती.

डॉकर इमेजचा उल्लेख आला आहे तर खासगी पॅकेजांच्या बाबतीत नेहमी होणारी एक गफलत इथेच सांगायला हवी. इमेज थरावर थर रचून बनते. खासगी पॅकेज उतरवण्यासाठी टोकन असलेली फाइल एका थरात आत घेतात, काम झाल्यावर पुढच्या थरात ती पुसतात आणि ती गेली असं समजतात. प्रत्यक्षात खालच्या थरात ती जशीच्या तशी असते आणि इमेज हाती असलेला कुणीही ती काढू शकतो. टोकन फक्त बिल्ड चालू असतानाच उपलब्ध करून इमेजमध्ये मागे काही न ठेवण्याची सोय डॉकरने दिलेली आहे, ती वापरली पाहिजे. पण असे खाचखळगे इतके आहेत, की प्रत्येक प्रोग्रॅमरला ते सगळे कायम आठवतील या भरवशावर कंपनी चालवता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की टोकन कधीतरी फुटणारच असं धरून ते बनवावं. फुटल्यावर किती नुकसान होईल हे ते बनवतानाच ठरवता येतं. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावरच्या आपल्या निबंधात हे तत्त्व मांडलं होतं: प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या कामापुरते, कमीत कमी अधिकार असावेत. पन्नास वर्षं हे तत्त्व पाठ्यपुस्तकांत शिकवलं गेलं, आणि टोकनं मात्र बराच काळ मालकाचे सगळे अधिकार सोबत घेऊन फिरत राहिली. एनपीएमने फक्त वाचू शकणारी आणि ठरावीक नेटवर्क पत्त्यांवरूनच चालणारी टोकनं २०१७ मध्ये आणली. कोणत्या पॅकेजांना हात लावता येईल, वाचता येईल की लिहिताही येईल, मुदत किती, हे ठरवता येणारी बारकाईची टोकनं तिथे २०२२ च्या अखेरीस आली. गिटहबने आपली तशी टोकनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चाचणीसाठी खुली केली. गिटलॅबवर फक्त पॅकेजं वाचण्यापुरतं डिप्लॉय टोकन बनवता येतं. अॅमेझॉनच्या कोडआर्टिफॅक्ट सेवेने तर सुरुवातीपासूनच कडक नियम ठेवला, तिथलं टोकन जास्तीत जास्त १२ तास चालतं. साधनं आहेत. त्यांचा फॉर्म भरताना ‘सर्व पॅकेजं’ आणि ‘मुदत नाही’ या दोन खुणा करून मोकळं होणं मात्र अजून सोडलेलं नाही.

टोकन कुणाच्या नावावर आहे, याकडे तर मुदतीपेक्षाही कमी लक्ष जातं. टीममधला एखादा अनुभवी प्रोग्रॅमर स्वतःच्या खात्यातून टोकन बनवतो आणि बिल्ड सर्व्हरवर टाकतो, कारण तेव्हा तेच सोपं असतं. पुढे तो दुसऱ्या टीममध्ये जातो, त्याचे अधिकार वाढतात, आणि त्याच्या अधिकारांवर चालणाऱ्या टोकनाचा पल्लाही न बोलता वाढतो. तो नोकरी सोडून गेला की दोनपैकी एक होतं. त्याचं खातं बंद केलं तर कुणाला कळायच्या आत रात्रीचं बिल्ड पडतं, आणि त्या भीतीने खातं चालूच ठेवलं तर गेलेल्या माणसाच्या नावाने कंपनीची दारं उघडी राहतात. सर्व्हरच्या कामाचं टोकन सर्व्हरच्या स्वतंत्र ओळखीवर असावं, आणि त्या ओळखीची जबाबदारी एका टीमच्या नावे लिहिलेली असावी.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणाऱ्या आक्षेपाकडे वळू. ‘आमचं टोकन फक्त वाचण्याचं आहे, त्याने काही बदलता येत नाही, मग काळजी कशाची?’ खुल्या पॅकेजच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी पटण्यासारखं आहे. तिथे वाचायला कुणालाच बंदी नाही, धोका लिहिण्यात आहे. खासगी पॅकेजच्या बाबतीत गणित उलटं होतं. ज्याचं मूल्यच मुळी कुणी न वाचण्यात आहे, ते वाचलं गेलं की चोरी पूर्ण झाली. एप्रिल २०२२ मध्ये हे ठळकपणे दिसलं. हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय या दोन सेवांना त्यांच्या ग्राहकांनी गिटहबवरचा आपला कोड वाचण्यासाठी टोकनं दिलेली होती. ती चोरीला गेली. १२ एप्रिलला गिटहबच्या लक्षात आलं, १५ तारखेला त्यांनी जाहीर केलं. तोवर चोरांनी डझनावारी संस्थांच्या खासगी रिपॉझिटरी उतरवून घेतल्या होत्या. त्या संस्थांत खुद्द एनपीएम होती. तिच्या खासगी कोडमध्ये अॅमेझॉन क्लाउडची एक किल्ली मिळाली आणि तिच्या जोरावर चोर एनपीएमच्या साठवणुकीपर्यंत पोचले. २०१५ च्या एका जुन्या संग्रहातली सुमारे एक लाख वापरकर्त्यांची नावं, ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड गेले. एप्रिल २०२१ पर्यंतच्या सगळ्या खासगी पॅकेजांची वर्णनं गेली, आणि दोन संस्थांची खासगी पॅकेजंच गेली. एकही अक्षर कुठे बदललं गेलं नव्हतं. सगळी कामगिरी वाचण्याच्या अधिकाराची होती.

पॅकेजांची नुसती वर्णनं गेली तर काय बिघडलं, असंही वाटू शकतं. अॅलेक्स बिरसान या सुरक्षा-संशोधकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम यासाठी बघावं. मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांची फक्त नावं त्याने इकडून तिकडून गोळा केली, आणि त्याच नावांची आपली पॅकेजं सार्वजनिक रजिस्ट्रींवर टाकली. पुष्कळ ठिकाणी सर्व्हर आधी बाहेर बघत होते किंवा मोठा आवृत्ती-क्रमांक दिसला की तो घेत होते. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल यांसह पस्तीसहून अधिक संस्थांच्या आतल्या यंत्रणांनी त्याचा कोड आपणहून उतरवून चालवला. त्याचा हेतू चांगला होता, त्याला बक्षिसं मिळाली आणि कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या. पण अंतर्गत पॅकेजचं नाव हीदेखील जपण्याची गोष्ट आहे, हे तेव्हा सिद्ध झालं. तेव्हा वाचण्याचं टोकनही कंपनीच्या सर्व पॅकेजांना लागू नसावं. ज्या सर्व्हरला तीन पॅकेजं लागतात, त्याला त्या तीनपुरतंच द्यावं, आणि ते त्या सर्व्हरच्या पत्त्यावरूनच चालावं. शिवाय कंपनीच्या नावाने सुरू होणारी पॅकेजं कायम खासगी रजिस्ट्रीतूनच आणायची, हे सेटिंगमध्ये पक्कं लिहावं.

लिहिण्याचे अधिकार मोकळे सोडले तर काय होतं, ते सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर दिसलं. ‘शाय-हुलूद’ असं नाव पडलेला तो स्वतःहून पसरणारा कोड होता. एखाद्या प्रोग्रॅमरच्या संगणकावर किंवा बिल्ड सर्व्हरवर शिरला की तो तिथली टोकनं हुडकायचा. त्यासाठी तो वापरत असे ‘ट्रफलहॉग’, म्हणजे सुरक्षा तपासणीसाठी बनवलेलं खुलं साधनच. एनपीएमवर प्रसिद्ध करण्याचा अधिकार असलेलं टोकन हाती आलं, की त्या माणसाच्या इतर पॅकेजांत स्वतःला घालून त्यांच्या नव्या आवृत्त्या तो प्रसिद्ध करायचा. त्या उतरवणाऱ्यांकडे पुन्हा तेच. पाचशेहून अधिक पॅकेजं अशी बाधित झाली. काही संस्थांच्या खासगी रिपॉझिटरी त्याने सार्वजनिक करून टाकल्या. या पसरण्याला बळ मिळालं ते एका टोकनाने माणसाची सगळी पॅकेजं उघडण्यातून. एकाच पॅकेजपुरतं, आठवडाभराचं टोकन त्या कोडच्या हाती लागलं असतं तर प्रत्येक पायरीवर त्याची वाट अरुंद झाली असती. एनपीएम ज्याच्या मालकीची आहे त्या गिटहबने त्यानंतर तिथली जुनी, अमर्याद टोकनं बंद करायला घेतली. डिसेंबर २०२५ मध्ये ती पूर्ण रद्द झाली, आणि लिहिण्याची मुभा असलेल्या नव्या टोकनांची मुदत जास्तीत जास्त ९० दिवस झाली.

मुदतीबद्दल तक्रार करणाऱ्यांची बाजू मला खरोखर दखल घेण्याजोगी वाटते. टोकन संपलं की बिल्ड पडतं, आणि ते नेमकं सुट्टीच्या दिवशी किंवा मोठ्या प्रकाशनाच्या आदल्या रात्री संपतं. रात्री दोनला उठवला गेलेला माणूस घाईत नवं टोकन बनवेल तर ते सर्वांत ढिलं बनवेल, आणि पुन्हा कुणी उठवू नये म्हणून चार ठिकाणी चिकटवून ठेवेल. नुसतीच मुदत आखडली आणि बदलण्याचं काम माणसावर ठेवलं, तर आधीपेक्षा वाईट स्थिती येऊ शकते. म्हणून मुदतीबरोबर दोन गोष्टी अटळ आहेत. नवं टोकन यंत्रानेच वेळेवर बनवून जागेवर ठेवलं पाहिजे. शिवाय जुनं आणि नवं काही काळ एकत्र चाललं पाहिजे, म्हणजे मधे खंड पडणार नाही. ही व्यवस्था लावायला वेळ लागतो, पैसा लागतो, हे मान्य. पण ती न लावल्याचा खर्चही कधीतरी चुकवावा लागतोच. ४ जानेवारी २०२३ रोजी सर्कलसीआय या बिल्ड सेवेने आपल्या सगळ्या ग्राहकांना सांगितलं, की आमच्याकडे ठेवलेली सगळी गुपितं ताबडतोब बदला. त्यांच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये घुसलेल्या मालवेअरने त्याची चालू लॉगिनची खूण चोरली होती. ती खूण दुहेरी पडताळणी पार करून आलेली होती, त्यामुळे त्या पडताळणीचाही उपयोग झाला नाही. ज्यांच्याकडे टोकनं आपोआप बदलत होती, त्यांना त्या दिवशी तेच काम मुदतीआधी चालवायचं होतं. बाकीच्यांना आधी आपल्याकडे कोणती टोकनं आहेत इथपासून सुरुवात करावी लागणार होती.

‘आम्ही लहान आहोत, आमच्या वाटेला कोण जाईल?’ हा आक्षेप शाय-हुलूदसारख्या कोडपुढे टिकत नाही, कारण तो माणूस किंवा कंपनी निवडत नाही, समोर येईल तिथली टोकनं घेतो. पुण्या-मुंबईतल्या आणि नागपूर-नाशिकमधल्या कितीतरी लहान कंपन्या परदेशी ग्राहकांसाठी कोड लिहितात. अशा कंपनीच्या लॅपटॉपवर ग्राहकाच्या खासगी रजिस्ट्रीचं टोकन असतं, आणि चोराच्या दृष्टीने तिचं मोल तिच्या स्वतःच्या उलाढालीवर नव्हे, त्या ग्राहकावर ठरतं. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. कुठलं टोकन कुठे होतं आणि त्याला काय करता येत होतं, याची यादी तयार नसेल तर त्या सहा तासांत कळवण्याजोगं फारसं काही हाती लागणार नाही.

टोकन साठवायचंच नाही, असाही एक मार्ग निघाला आहे. पायपीआयने एप्रिल २०२३ मध्ये आणि एनपीएमने जुलै २०२५ मध्ये तो सर्वांना खुला केला. त्यात बिल्ड सेवा प्रत्येक वेळी सही केलेला दाखला देते, की हे काम अमुक रिपॉझिटरीतल्या अमुक फाइलीनुसार चालू आहे. रजिस्ट्री ती सही तपासते आणि काही मिनिटांपुरती परवानगी देते. चोरण्यासाठी मागे काही उरत नाही. यावरचा आक्षेप वजनदार आहे: अशाने विश्वास मोजक्या बड्या सेवांकडे एकवटतो. दाखला देणाऱ्यांच्या यादीत प्रामुख्याने त्यांचीच नावं असतात, आणि स्वतःच्या सर्व्हरवर बिल्ड चालवणारी छोटी संस्था बाहेर राहते. तो आक्षेप मला खोडता येत नाही. खुल्या मानकावर बांधलेल्या या व्यवस्थेत दाखला देणाऱ्यांची यादी वाढावी, यासाठी आग्रह धरणं भाग आहे. आणि बिल्डचं कामच कुणी आतून बिघडवलं, तर खोटा दाखलाही खऱ्या सहीनेच निघेल. डिसेंबर २०२४ मध्ये ‘अल्ट्रालिटिक्स’ या पायथन पॅकेजच्या बाबतीत अगदी तसंच घडलं, बिल्डच्या साठवणीत विष कालवून हल्लेखोरांनी बिघडलेल्या आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. त्या काढल्यावर काही दिवसांतच आणखी दोन बिघडलेल्या आवृत्त्या आल्या. त्या आल्या जुन्या टोकनातून. प्रकल्पाने नवी पद्धत स्वीकारली होती, पण आधीचं टोकन रद्द करायचं राहून गेलं होतं.

खासगी पॅकेजांसाठी इथे एक मोठी जागा अजून रिकामी आहे. एनपीएमची ही नवी पद्धत पॅकेज प्रसिद्ध करण्यापुरती आहे. तेच खासगी पॅकेज उतरवून घ्यायचं असेल, तर बिल्ड सर्व्हरला आजही वाचण्याचं टोकन द्यावंच लागतं. प्रसिद्ध करणं एखाद्या सर्व्हरवरून, आठवड्यातून एकदा होतं. उतरवणं प्रत्येक लॅपटॉपवर, प्रत्येक बिल्डमध्ये, दिवसभर चालतं, म्हणजे सर्वांत जास्त हातांतून जाणारं टोकन तेच आहे. ते किती पॅकेजांना लागू असावं, कुठल्या पत्त्यांवरून चालावं आणि कोणत्या तारखेला संपावं, हे तूर्त एनपीएम ठरवत नाही. ते ठरतं टोकन बनवणारा माणूस फॉर्ममध्ये कुठे खूण करतो त्यावर.